जमशेद रंगाऱ्याचा मुका सिनेमा

मंगरूळपीरच्या रंगारी गल्लीत रहमतुल्लाच्या घरची माणसं बोटांवरून ओळखू येत. कुणाची निळी, कुणाची किरमिजी. जमशेद त्यांतला धाकटा. पाणी किती तापलं की सूत रंग धरतं, कुठला रंग उन्हात उडतो, हे त्याला बोट बुडवून कळे. पण मन काही त्या कढईत बुडत नव्हतं. एका उरुसात तंबूतला बायस्कोप आला. सगळे पडद्याकडे तोंड करून बसले आणि जमशेद पडद्याकडे पाठ करून, उजेड फेकणाऱ्या यंत्राकडे बघत बसला. मागच्या माणसाने हटकलं, "अबे, तमाशा तिकडे हाय!" तरी तो वळला नाही.

विशी गाठायच्या आत त्याने पुणं गाठलं. तिथल्या एका मूकपट कंपनीच्या फाटकावर त्याला कुणी उभं करेना. पण त्या काळी सिनेमातली रात्र दाखवायची तर फीत निळ्या रंगात बुडवत, आग दाखवायची तर लाल रंगात. आणि कंपनीच्या निळ्या रात्रीला नेहमी डाग पडत. जमशेदने फाटकावरूनच सांगितलं, "पानी लय तापवून राह्यले तुमी." मालकाने त्याला आत घेतलं. बापाचा धंदा नको म्हणून पळालेला पोरगा पुण्यात जाऊन रंगारीच झाला, यावर गल्लीत बरेच दिवस हसणं चाललं. रहमतुल्ला मात्र हसला नाही. "रंग बी गेला आन पोरगा बी गेला," एवढंच म्हणाला.

रंगाच्या खोलीतून जमशेद हळूहळू कॅमेऱ्यापर्यंत सरकला. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हात जरा घाईत आला की पडद्यावरची माणसं माकडासारखी धावत, रेंगाळला की पाण्यात चालल्यासारखी डुलत. म्हणून कॅमेरावाले मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत आणि तिच्या ठेक्यावर मूठ फिरवत. जमशेदची चाल म्हणजे त्याच्या आईची जात्यावरची ओवी. तो ती ओठांतल्या ओठांत म्हणे आणि त्याचा हात घड्याळासारखा चाले.

मग सिनेमा बोलू लागला. मुक्या सिनेमाच्या कंपन्या वर्षा-दोन वर्षांत बंद पडल्या. जमशेदच्या कंपनीचं सामान विकायला निघालं तेव्हा त्याने एक जुना लाकडी कॅमेरा घेतला आणि खांद्यावर टाकून तो मंगरूळला परतला. बायको हुस्नाबानोने त्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय खाते?"

"खात काई नाई," जमशेद म्हणाला. "खाऊ घालीन म्हनते."

आणि ते खरं झालं. तंबूवाला मदनसिंग तेव्हा गावोगावी बैलगाडीने फिरून सिनेमा दाखवत असे. अनसिंग, धनज, कारंजा, जिथे बाजार तिथे त्याचा तंबू. जमशेदने त्याला गळ घातली, की मोठ्या सिनेमाच्या आधी इथल्याच दुकानदारांचे छोटे छोटे सिनेमे दाखवू. कंदीलवाल्याचा पहिला केला. अंधारात सून सासूचा पाय समजून म्हशीचा पाय दाबते, सासू कंदील घेऊन येते, आणि सून म्हैस सोडून पळते. तंबूत लोक लोळून हसले, आणि बाजाराच्या दिवशी कंदील संपले. मग चहावाला आला, विडीवाला आला, सरकीच्या तेलाचा व्यापारी आला. जमशेद कथा रचायचा, माणसं गोळा करायचा, फीत घरीच धुवायचा. बाईच्या बोटांनी जोड सफाईने बसतो म्हणून फितीचे तुकडे जोडायचं काम हुस्नाबानो करी. ओठ मिटून, पदर मागे खोचून, दिवा दूर ठेवून. कारण ती फीत म्हणजे बारूदच. ठिणगी पडली की घर गेलं.

खाऊन-पिऊन बरं चाललं होतं. पण म्हशीचा पाय दाबणारी सून दाखवण्यासाठी आपण पुण्याला गेलो होतो का, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. एकदा अनसिंगकडच्या एका खेड्यात तो तेलाची जाहिरात काढायला गेला, आणि तिथे त्याला प्रयागबाईची गोष्ट कळली.

त्या गावात एका साली पटकीची साथ आली होती. प्रयागबाईचा नवरा सकाळी वखर घेऊन गेला आणि दिवेलागणीला संपला. त्याच्यामागे अजून माणसं गेली. विहिरीत नाल्याचं पाणी झिरपतं आणि तेच गाव पितं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. नवऱ्याची राख गरम होती तोवर ती हातात विळा घेऊन विहिरीच्या तोंडावर जाऊन बसली आणि कुणाला दोर सोडू देईना. इंद्रभान पाटलाने समजावलं, मग दटावलं, मग विधवेच्या सावलीने पाणी बाटलं म्हणून बोंब झाली, गोटे आले. तालुक्याहून विहिरीत टाकायची लाल दवा आणि टोचायची सुई घेऊन माणूस येईतोवर ती उठली नाही.

जमशेदने तिला विचारलं, "बाई, हे मी सिनेमात दाखवलं त?"

ती कपाळावर खोक असलेली, चाळिशीतली, रापलेली बाई. तिने विचार केला. "आन मी कोन बनू त्याच्यात?"

"तूच."

"मले सोंग नाई येत."

"सोंग नोकोच हाय मले."

सिनेमा उभा राहायला दोन उन्हाळे लागले. जाहिरातीतून उरलेल्या फितीच्या तुकड्यांवर तो काढायचा. बाकी सगळं झालं, फक्त गोट्यांचा प्रसंग राहिला. त्यासाठी त्याने आपल्या गल्लीतली चार माणसं सोबत आणली आणि त्यांच्या हाती मऊ ढेकळं दिली, लागू नये म्हणून. प्रयागबाई विहिरीवर बसली. जमशेदने कॅमेरा रोवला आणि मूठ फिरवायला घेतली.

तेवढ्यात पाटलाच्या वाड्याकडून माणसं आली. जमशेद गावाची अब्रू पेटीत भरून नेतो आहे, हे इंद्रभान पाटलाला कुणीतरी सांगितलं होतं. पाटील स्वतः मागे, कडुनिंबाखाली उभा. "बंद कर ते डबडं!" एकजण ओरडला. जमशेदची चार माणसं ढेकळं टाकून पांगली. आणि पहिला खरा गोटा विहिरीच्या काठावर येऊन आपटला.

जमशेदचा हात अडला. त्याला वाटलं, ही बाई इथे माझ्या पायी मरेल. तो ओरडला, "प्रयागबाई, ऊठ! बंद करतो मी!"

ती जागची हलली नाही. विळा मांडीवर, नजर समोर. "तवा बी नोयती उठली," ती म्हणाली. "फिरव तू."

त्याने मूठ धरली. दुसरा गोटा तिच्या खांद्याला लागला, तिसरा त्याच्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं, समोरचं सगळं लाल झालं. तो एका डोळ्याने बघत राहिला. छातीत धडधड इतकी, की हात त्याच ठेक्यावर पळू लागला. त्याने दात आवळून आईची ओवी म्हणायला घेतली, मोठ्याने, आणि हात पुन्हा सावकाश चालू लागला. गोटे मारणारे क्षणभर चपापले; रक्ताळलेला माणूस जात्यावरचं गाणं म्हणतो आहे, हे त्यांना कळेना. तेवढ्यात फीत संपली, पेटी खडखड वाजू लागली. पेटी मोडली असं समजून पाटील वळला, तशी त्याची माणसंही वळली.

सिनेमात शेवटी प्रयागबाई मरते, असं जमशेदने केलं होतं. पटकीतून गाव वाचतं आणि तीच जाते. लोक रडले पाहिजेत, हा त्याचा हट्ट. पण रडायला कुणी आलंच नाही. अमरावतीच्या सिनेमावाल्याने विचारलं, "बोलतो का हा?" नाही म्हटल्यावर पेटीही उघडू दिली नाही. मदनसिंगने दोनदा तंबूत लावला; मग पाटलाचा निरोप आला, की पुन्हा लावलास तर या मुलखात तुझ्या तंबूला खुंटी मारायला जागा मिळणार नाही. मदनसिंगने हात जोडले. "जमशेदभाई, म्हैसवाला सिनेमा दे. हा नोको."

आणि प्रयागबाईला गाव सोडावं लागलं. तिच्या दारात कुणी विस्तव देईना, पाणी भरू देईना. ती मंगरूळला आली आणि फुटाण्याची भट्टी टाकून बसली. जमशेद त्या रस्त्याने जाताना मान खाली घाली. एकदा तिनेच हाक मारून पुडी पुढे केली. "घे. मान खाली घालून काई हुनार हाय का?"

सिनेमाचे डबे घराच्या कोपऱ्यात खड्ड्यात ठेवलेले. वऱ्हाडचा उन्हाळा, आणि ती बारूदासारखी फीत. हुस्नाबानो दिवसभर पोती भिजवून डब्यांवर टाकी, चूल अंगणात नेई, पोरांना त्या खोलीत फिरकू देत नसे. एका दुपारी डब्याचं झाकण तिला इतकं तापलेलं लागलं, की तिने लेकरं उचलून थेट शेजारी नेली आणि परत येऊन घागरीवर घागर ओतत राहिली. संध्याकाळी तिने जमशेदला सांगितलं, "आता हे डब्बे माह्या घरात एक दिवस नाई राह्यनार. जिथं जाशीन तिथं संगं घेऊन जाय."

म्हणून त्या चैत्रात, मदनसिंगचा तंबू जत्रेला निघाला तेव्हा, जाहिरातींच्या डब्यांखाली ओल्या पोत्यात गुंडाळलेला तो सिनेमाही गाडीत होता. प्रयागबाईनेही जत्रेत भट्टी लावली होती.

जत्रा भरात असताना पटकी लागली. आधी एक म्हातारा गेला, मग एक बाळंतीण. तट्ट्यांचा दवाखाना उभा राहिला, डॉक्टर आले, आणि हुकूम निघाला, की सुई टोचून घेतल्याशिवाय कुणाची गाडी जत्रेबाहेर जाणार नाही. रस्त्यावर बांबू आडवे बांधले गेले. पहिल्याच दिवशी सुई घेतलेला एक जवान गडी दुपारपर्यंत मेला. त्याला रोग आधीच लागलेला होता. पण ते कोण ऐकतो? सुईनेच मारलं, ही बातमी वाऱ्यावर गेली. उन्हं कलली तेव्हा बांबूंच्या अलीकडे गाड्यांची ही रांग. बैल जुंपलेले, माणसांच्या हाती काठ्या, गाड्यांतल्या कुऱ्हाडीही निघालेल्या. पलीकडे मूठभर शिपाई.

डॉक्टर तंबू बंद करायला सांगायला आले. त्यांचे डोळे झोपेविना सुजले होते. जमशेद म्हणाला, "साहेब, माह्याजवळ पटकीचा सिनेमा हाय."

"ही वेळ सिनेमाची आहे का?" डॉक्टर भडकले. मग बांबूंकडे बघून थांबले. "काय आहे त्यात?"

जमशेदने दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. "लावा. यांनी बांबू तोडले तर आठ दिवसांत जिल्हाभर प्रेतं उचलावी लागतील."

मदनसिंग मात्र घाबरला. "माहा तंबू जाळतीन ते!"

"तंबूत नाई दाखवत. पडदा बाहेर काढू. रस्त्यावर."

दोन कडुनिंबांमध्ये, बांबूंच्या अगदी जवळ, पडदा ताणला. आता सांगणारं कुणीतरी हवं होतं. मुक्या सिनेमात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस लागे. जमशेद धावत प्रयागबाईच्या भट्टीवर गेला.

"मी नाई येत," ती म्हणाली. "तुह्या त्या डब्ब्यानं मले गाव सोडाले लावलं. आता अजून काय सोडू?"

जमशेद उभाच राहिला. शेजारच्या गाडीखाली एक लेकरू ओकत होतं, आणि त्याची माय त्याला पदराखाली लपवत होती, शिपायांना दिसू नये म्हणून. प्रयागबाई त्या बाईकडे बघत राहिली. मग तिने झारा खाली ठेवला, भट्टीत माती लोटली आणि म्हणाली, "चाल."

अंधारू लागताच पडद्यावर उजेड पडला. गाड्यांवरची माणसं वळली. म्हैसवाला सिनेमा समजून काही हसलेही. मग पडद्यावर वखर दिसला, बाईचा नवरा दिसला, त्याची मान पडली. शेजारी उभी राहून प्रयागबाई बोलू लागली. "हा माहा मालक नोय, हा सोंग घेतलेला मानूस हाय. पन माहा मालक अस्साच गेला. सकाळी भाकर खाल्ली, सांजीले राख."

मागून एक गोटा आला आणि पडद्याला भोक पाडून गेला. शिपायांनी काठ्या उचलल्या. जमशेद यंत्राची मूठ फिरवत राहिला. हात थांबला तर फीत दिव्यापुढे पेटेल, आणि एकदा का भडका उडाला की ही गर्दी कुठे जाईल हे त्याला माहीत होतं. घाम डोळ्यांत जात होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि विहिरीचा प्रसंग आला. पडद्यावर गोटे उडू लागले. गर्दीतून कुजबुज उठली, "अरे, हे त पाटलाचे गडी!" जमशेदने मूठ फिरवतच त्या बाजूला पाहिलं. रांगेतल्या तिसऱ्या की चौथ्या गाडीवर इंद्रभान पाटील बसला होता; मागे त्याची सून, कडेवर नात. पाटील गाडीवरून उतरला. काठी घेऊन सरळ पडद्याकडे चालत आला. लोक बाजूला झाले. प्रयागबाईने त्याला येताना पाहिलं.

पाटील तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

ती पडद्याकडे वळली आणि गर्दीला म्हणाली, "हे गोटे मारनारे कोन हायेत, ते मले ठाव हाय. मी नाव नाई घेत. त्याइले भेव लागलं होतं. भेव लागलं का मानूस गोटा उचलते. तुमी काठ्या उचलल्या, तसंच."

पाटलाची काठी जमिनीवर टेकली ती टेकलीच.

पडद्यावर प्रयागबाई मेली. बायकांचे हुंदके उठले. जमशेदला जे हवं होतं, ज्यासाठी दोन उन्हाळे घालवले, ते त्याला आत्ता मिळत होतं. आणि तेवढ्यात प्रयागबाई उजेडाच्या झोतात येऊन उभी राहिली.

"रडू नोका. मी मेली नाई. ह्यानं मारलं मले, तुमाले रडवाले!" तिने यंत्राकडे बोट केलं. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. "मी सुई घेतली तवा. आता अजून घेतो. पाहा, मरतो का."

तिने दंड उघडा केला. डॉक्टर पुढे आले. झोतात सुईची सावली पडद्यावर पडली, भाल्याएवढी. काही जण मागे सरले. सुई टोचली. ती जागची हलली नाही. डॉक्टरांनी कापूस दाबला आणि ती म्हणाली, "चिमटा बी याच्याहून जास्त लागते."

तरी कुणी पुढे येईना. तो वेळ जमशेदला जन्मभर पुरला. मग पाटलाची सून गाडीवरून उतरली. नातीला छातीशी धरून ती सासऱ्याच्या बाजूने चालत गेली. पदर त्याच्या काठीला घासला. त्याने तिला थांबवलं नाही. तिच्यामागे गाडीखालच्या लेकराची माय गेली. मग एकेक करत रांग वळली.

सगळेच वळले असं नाही. काही गाड्या शेतातून निसटल्याच, आणि त्यांच्या गावांत पटकी गेलीच. पण बांबू तुटले नाहीत.

या गोष्टीची वार्ता वर पोचली आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने जमशेदला बोलावून घेतलं. सिनेमा गावोगाव दाखवायचा, पण एका अटीवर, शेवटी बाई मेलेली चालणार नाही. जमशेद घरी आला. तो शेवट म्हणजे त्याचा एकट्याचा, कुणा दुकानदाराला न विकलेला भाग होता.

"काय करू?" त्याने हुस्नाबानोला विचारलं.

"ते जित्ती हाय का मेली?" ती म्हणाली.

"जित्ती."

"मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

त्याने शेवट पुन्हा काढला. प्रयागबाई लाल पाण्याची बादली ओढून वर काढते आणि कॅमेऱ्याकडे रागाने बघते. तो राग खरा होता. जमशेदने तिला उन्हात फार वेळ उभं केलं होतं.

दुसरी मोठी लढाई लागून नवी फीत मिळेनाशी झाली, तोवर तो सिनेमा फिरत राहिला. झिजून झिजून त्यात सदा पाऊस पडल्यासारखा दिसे. एका वर्षी खात्याची मोटार प्रयागबाईच्या खेड्यातही गेली. इंद्रभान पाटील तेव्हा थकला होता. त्याने प्रयागबाईसाठी मंगरूळला गाडी पाठवली. ती गाडीत बसली नाही. जमशेदबरोबर मोटारीतून आली. पडदा विहिरीजवळच लागला. गोट्यांच्या वेळी गावाने माना खाली घातल्या, पाटलाने घातली नाही. सिनेमा संपल्यावर तो तिच्याजवळ आला.

"घर पडलं नाई तुहं," तो म्हणाला. "मी शाकारून ठेवलं. ये नं वापस."

प्रयागबाईने विहिरीकडे पाहिलं, नव्याने बांधलेल्या काठाकडे पाहिलं. "पानी प्याले येईन," ती म्हणाली. "रायाले नाई येत. मंगरूळले माही भट्टी हाय, गिऱ्हाईक हाय."

तिने काठावर बसून ओंजळभर पाणी प्यायलं. पाटील उभा होता तोवर ती बसून राहिली, मग सावकाश उठली. जमशेदने पडदा सोडला, गुंडाळला, डबे ओल्या पोत्यात बांधले. मोटार त्याच संध्याकाळी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याला कारंज्यात हजर व्हायचं होतं. तिथल्या साबणवाल्याला एक हसवणारा सिनेमा हवा होता, आणि त्यातल्या धोबिणीच्या कामाला अजून कुणी मिळालेलं नव्हतं. वाटेत त्याने प्रयागबाईला विचारून पाहिलं. ती साफ नाही म्हणाली.